भिंतीवर उमटलेला हात

माझ्या एकुलत्या एक मुलीच्या लग्नाला पहिली हरकत मीच घेतली. तीही चर्चमध्ये, भरल्या मंडळीसमोर, आणि मी स्वतः चर्चमध्ये नसताना!

आमचं चर्च पुण्याच्या कॅम्पात, घर वाघोलीत. मधला रस्ता ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको. (ज्याला माहीत नाही, त्याने माहीत करून घेऊ नये.) जाण्यायेण्यात जातो तेवढ्या वेळात दोन उपासना होतात, असा हिशेब मांडून मी ऑनलाइन उपासनेला बसू लागलो. तीच गीतं, तेच प्रवचन, शिवाय पंखा आपल्या मर्जीचा!

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं चर्चमध्ये वाचतात आणि कोणाची हरकत आहे का, असं विचारतात. स्नेहलचं नाव पहिल्यांदा वाचणार होते त्या सकाळी आमच्या सौ., शांता, चपला घालून दारात उभ्या.

"अहो, आज तरी चला. व्याही-विहीणबाई येणार आहेत."

"नाव वाचायला अर्धं मिनिट लागतं. त्यासाठी एवढा प्रवास? मी ऑनलाइन आहे ना!"

"उत्तम. मुलीला वेदीपर्यंतही ऑनलाइनच न्या."

मायलेकी गेल्या. मी टाय बांधून लॅपटॉपसमोर बसलो.

"घरून सामील झालेल्यांना आवाज येत असेल, तर हात वर करा," पाळकसाहेब म्हणाले. मी बटण दाबलं. माझ्या चित्रावर छोटा पिवळा हात आला. खाली करा असं कोणी म्हणालं नाही, म्हणून मी केला नाही. हात वर असलेल्याचं चित्र सगळ्यात आधी दिसतं आणि चर्चच्या भिंतीवर ते चांगलं दाराएवढं पडतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं!

नावं वाचून झाली. "या विवाहास कोणाची हरकत असल्यास आताच सांगावे."

मग सगळ्या माना भिंतीकडे वळल्या.

"साहेब," पाळकसाहेब चाचरले, "तुम्हाला हे लग्न... मान्य आहे ना?"

"हरकत नाही हो! नाही, नाही!" मी ओरडलो. पण आमचे सगळ्यांचे आवाज तिकडून बंद केलेले! मंडळीला दिसलं ते एवढंच : वधूपिता हात वर करून, मान जोरजोरात हलवत 'नाही, नाही' म्हणतोय.

हात खाली करायला गेलो, तर टाळ्यांचं बटण दाबलं गेलं. ते बंद करताना मी उपासनेतूनच बाहेर पडलो. म्हणजे हरकत घेऊन, टाळ्या वाजवून सभात्याग!

फोन वाजला. शांता.

"काय केलंत हे? विहीणबाई रडतायत. व्याही विचारतायत, आमच्या मुलाबद्दल काही ऐकलंय का?"

"अगं, बटण..."

"बटणाचं मला नका सांगू. पाळकसाहेब म्हणतात, हरकत आली की चौकशी. चौकशी आली की लग्न पुढे. आत्ता येऊन सगळ्यांसमोर स्वतः सांगितलंत, तर आजच्या आज मिटवू म्हणतात. तोवर मंडळी गीतं गातेय. निघा!"

स्कूटर कशी हाणली ते माझं मला माहीत. चर्चच्या पायऱ्या चढताना गीत ऐकू आलं. आवाज पार बसलेले. मी आत शिरलो आणि गाणं थांबलंच. वर टाय, खाली हाफ पँट!

"माझी काही हरकत नाही," मी धापा टाकत म्हणालो. "मुलगा चांगला आहे. लॅपटॉप वाईट आहे."

पाळकसाहेबांनी नियमाप्रमाणे नावं पुन्हा वाचली. हरकतीचा प्रश्न येताच शांताने माझे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले.

मागच्या बाकावरून विहीणबाई डोळे पुसत कौतुकाने म्हणाल्या, "बघा, या वयातही किती प्रेम आहे!"

मी नुसती मान डोलावली. हात मोकळे नव्हते.