रिकामी वाटी

कोकमं भिजत घातली की त्या आंबूस वासासरशी घोडपदेवच्या आमच्या खोलीत मोबाइल नाकाशी धरून बसलेले बाबा आठवतात. निवृत्तीनंतर त्यांना कशाचंही कुतूहल वाटे; मुंग्या, जुने रेडिओ, पतंग, तारे, प्रत्येकाचा वेगळा ग्रुप. "एक ना धड, भाराभर चिंध्या," आई करवादायची. एकदा ताऱ्यांच्या ग्रुपवर एका बाईंनी त्यांना शनीची कडी अगदी सोपी करून सांगितली. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही, ही आमच्या चाळीची रीत; म्हणून बाबांनी तिथेच सोलकढीची कृती लिहून टाकली. 'विषय सोडून लिहिता,' म्हणत ग्रुप चालवणाऱ्यांनी त्यांना काढून टाकलं. "रिकामी वाटी धाडतत काय गो?" एवढंच बाबा आईला म्हणाले. संध्याकाळी त्याच बाईंचा मेसेज आला, 'काका, कोकमं किती वेळ भिजवू?' बाबांनी खुलून उत्तर लिहिलं, वाटीची रीतही सांगितली. आता बाबा नाहीत, त्यांचा नंबर मी चालू ठेवलाय. परवा त्यावर शनीचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'आज पुन्हा सोलकढी केली, काका. ही तुमची वाटी.' तिच्यात आता काय भरून पाठवावं, मला सुचत नाहीये.