आभाळाचा ताप मोजणाऱ्या वन्सं

आमच्या वन्संचा कुठल्याही एकट्या वस्तूवर विश्वास नसे. चहा गोड झालाय का, हे सांगण्याआधी त्या दुसऱ्याच्या कपातला घोट घेऊन बघत. सुट्टीला आमच्या शेणवे गावच्या घरी आल्या की सासूबाई लेकीला विचारत, "काय गो, काय करतेस तिकडं?"

"आभाळाचा ताप मोजतो आमी," वन्सं म्हणत. सासूबाई ते गावभर सांगत सुटत.

फिजिक्सची बी.एस्सी. मीही होते. पुढचं शिक्षण लग्नाने खाल्लं, आणि मी मुरबाडच्या शाळेत नववीला उष्णता शिकवू लागले. वन्सं मात्र पुण्याच्या प्रयोगशाळेत विश्वाच्या जन्मापासून आभाळभर उरलेली ऊब मोजत. ती कुठल्या लहरीत किती, याचा वर्णपट काढत. त्यांचं यंत्र एकदा आभाळाकडे बघे आणि एकदा शेजारी ठेवलेल्या काळ्या, थंड वस्तूकडे. तिचं तापमान पक्कं ठाऊक असे. "दोघांतला फरक कळला की आभाळ कळलं," त्या सांगत. माझी लेक तोंडाचा आ करून ऐकत बसे. तेच मी शिकवलं की तिला जांभया! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका पावसाळ्यात पोर मलूल झाली. वन्संनी एक तळवा तिच्या कपाळावर ठेवला, दुसरा माझ्या. "दोघी सारख्याच. ताप नाय." शास्त्रज्ञच बोलल्यावर कोण काय म्हणणार? संध्याकाळी पोर थडथडू लागली तेव्हा तिला घेऊन शहापूरला धावलो. डॉक्टर म्हणाले, ताप दोघींनाही आहे. मला सकाळपासूनच कणकण होती.

घरी येऊन मी तोंड सोडलं. "आभाळाचं कळतं तुम्हाला, घरातलं नाही कळत!"

वन्संनी सगळं ऐकून घेतलं. "चुकलंच माजं. शेजारची वस्तू आधी तपासायची असते. पण वैनी, तुमाला बरं नाय, हे आमी कोणी विचारलंच नाय." मग सुट्टी वाढवून त्यांनी आठवडाभर माझं सगळं केलं. अशा बाईचा धड द्वेषही करता येत नाही, याचा मला वेगळाच संताप.

बारावीनंतर लेक म्हणाली, "आत्याकडे राहून फिजिक्सच शिकणार." मला हवं होतं ते शिक्षण आणि माझी पोर, दोन्ही एकदमच त्यांच्या घरी निघालं. मुरबाडच्या स्टँडवर दोघी एसटीत बसल्या नि बसल्या तोच बोलण्यात रंगल्या. गाडी हलली, तरी पोरीला मला हात करायचं भान नाही. वन्संनीच तिची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं. तेवढंही त्यांनीच करावं?