गोळ्यांवरची पिवळी रेघ

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात मोठ्यानं हसणारा माणूस मी. तरी हे लिहितोय, कारण विचार करकरून डोक्याचा पार भुगा झालाय...

मी कुरुळीचा. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या चाकांचे बोल्ट आवळतो. बोल्ट बरोबर बसला की त्यावर पिवळ्या मार्करनं रेघ मारायची. म्हणजे काम झालं, आता हात लावायचा नाही – जास्त आवळला तर तुटतो.

चार वर्षांपासून कंबर धरलीय. डॉक्टरांनी दिवसाला दोन गोळ्या दिलेल्या. आधी गुण यायचा, मग येईना. मग मीच शहाणपणा केला... तीन, चार, पाच. बायकोला, सुनीताला, पत्ता लागू दिला नाही.

एका सकाळी तिसरी गोळी काढायला गेलो, तर पट्टीच्या मागं उरलेल्या एकेका गोळीवर पिवळी रेघ! "तिसरी घ्यायला गेलो तर हे काय," म्हणून सुनीतावर उखडलो.

"अवो, मला काय करायच्यात रेघा? आन् तिसरी कशापायी घेताय?"

मी पट्टी फेकून दिली.

दुपारी शिफ्ट सुटल्यावर जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून नवी घेतली. काउंटरवरच उलटसुलट करून पाहिली – कोरी. शर्टाच्या खिशात घातली आणि शेअर रिक्षात सगळा वेळ खिशावर हात धरून बसलो. कुरुळी फाट्याला उतरून बघतो तर सगळ्या गोळ्यांवर रेघा. अंगठा पिवळा झाला... शाई ओली होती राव! मार्कर तर कंपनीतच जमा केलेला. वर आणखी एक – मी डावखुरा, माझी रेघ तिरकी पडते. ह्यासुद्धा तश्शाच तिरक्या.

लई घाबरलो. घरी जाऊन सुनीताला सगळं सांगून टाकलं. ती रडली, वाट्टेल ते बोलली आणि दुसऱ्या दिवशी हाताला धरून डॉक्टरांकडं घेऊन गेली. ते म्हणाले, शरीराला सवय झाली की तेवढीच गोळी पुरत नाही. पण मनानं वाढवायची नाही, आणि एकदम बंदही करायची नाही. आता तेच हळूहळू कमी करतायत, जोडीला व्यायाम. कंबर अजून दुखतेच.

रेघांचं विचारलं, तर म्हणाले, "गुंगीत तुम्हीच मारल्या असतील." असेल बाबा. पण भर रिक्षात, चार माणसांत?

सुनीताला असले प्रश्न पडत नाहीत. "कुनी का मारंना, माजं कुकू राखलं," म्हणते. ती पट्टी तिनं देव्हाऱ्यात ठेवलीय, रोज हळदकुंकू वाहते. मी मात्र तिथं उभा राहिलो की हात जोडू, का स्वतःलाच एक शिवी हासडू... काहीच कळत नाही.