निम्म्या पगाराची तालीम

अमरावतीहून अकोल्याला निघालेल्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. वय चाळिशीचं, कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर औषध कंपनीची फुगलेली बॅग. बडनेरा सोडल्यापासून त्याची बोटं हवेत काहीतरी करत होती. मी बघतोय हे कळल्यावर तो लाजला.

"खुणांच्या भाषेची उजळणी करून राहिलो," तो म्हणाला.

अकोल्यात मूकबधिर मुलांच्या शाळेत तो सोमवारपासून शिकवणार होता. त्यासाठीचा कोर्स त्यानं फिरतीची नोकरी सांभाळून केला होता. आज ऑफिसात राजीनामा देऊन तो परत निघाला होता.

"पगाराचं काय?" मला राहवलं नाही.

"निम्मा होईन. म्हणून दोन वर्सं आमी निम्म्याच पगारात राहून पाह्यलं, बाकीचा बँकेत टाकला. सुरुवातीले लय जड गेलं, भाऊ. पोरीचा वाढदिवस घरच्या शिऱ्यावर केला. मंग सवय झाली. आता मले भेव नाही वाटत."

असा विचार करून नोकरी सोडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मूर्तिजापूरजवळ त्याच्या बायकोचा फोन आला. "हो, दिला," एवढंच बोलून तो ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "रडून राह्यली का वं?"

फोन ठेवल्यावर त्यानं सीटला पाठ टेकली आणि मोठा श्वास सोडला. डोळे ओले होते, पण तो हसत होता. अनोळखी असूनही मला हायसं वाटलं.

"थे म्हणते," तो म्हणाला, "आता रोज घरी जेवाले येशीन."