शेवटच्या शेताचं पाणी

साइराकान एजे, म्हणजे सगळ्यांची थोरली ताई, आमच्या गावची मुराब, म्हणजे पाटाचं पाणी वाटणारी. कुणाच्या शेताचं दार किती वेळ उघडं राहणार, हे तीस वर्षं तिच्या फावड्याने ठरवलं. मग गावात मोबाईलचा टॉवर आला, तोही एकच, आणि दोनशे घरं त्याच्यावर तुटून पडली. कुणालाच धड काही मिळेना. शेवटी लोक भांडत भांडत तिच्याकडेच गेले.

"नेट म्हणजे पाणीच की," ती म्हणाली आणि मोठ्या फायलींचे नंबर लावून मोकळी झाली. आधी परीक्षेवाली पोरं, मग दवाखान्याचे कागद, मग मालिका. स्वतःचं नाव तळाला. नंबर संपला तरी फाईल झिरपेल तेवढी झिरपू द्यायची मुभा होती. बाकी सगळे नियम पाटाचेच.

तिच्या मुलाने, एल्दियारने, व्लादिवोस्तोकला लग्न केलं आणि तो लगेच मासेमारीच्या जहाजावर चढला. लग्नाचा चार जीबीचा व्हिडिओ स्टुडिओवाल्यांनी पाठवला. लिंक शुक्रवारी दुपारी बाराला बंद होणार होती. फोटो बघायला एजे तयार नव्हती.

"सून चालताना बघायची असते, मास्तर," ती मला म्हणाली. "उभं काय, झाडही असतं."

गुरुवारी तिचा नंबर संपला तेव्हा एक्केचाळीस टक्के झाले होते. शेजारचा तोक्तोसुन म्हणाला, "एजे, उद्या माझा वेळ घे."

"माझ्या पोराचं लग्न म्हणून पाट वाकडा करू? चालता हो."

रात्रीचे नंबरही इतरांचेच; झिरपून झिरपून तीन टक्के वाढले. मला तर तिचा रागच आला होता.

शुक्रवारी दहा वाजता मात्र खिडकीतल्या फोनवर आकडे धावायला लागले. पन्नास, अठ्ठावन्न, सदुसष्ट. एजेने डोळे चोळले, फावडं उचललं आणि तरातरा तोक्तोसुनच्या अंगणात गेली. मी मागे. तो चहात पाव बुडवत बसला होता, फोन बंद.

"तुझा नंबर आहे ना? दार का बंद?"

"माझं शेत तुडुंब आहे, एजे."

पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढे तेच. परीक्षेवाली पोरं फोन बंद करून चक्क पुस्तकं वाचत होती. गाव खुसुखुसू हसत होतं. एजे माझ्यावर उखडली, "मास्तर, हे तुझंच कारस्थान."

"वरच्यांनी दारं बंद ठेवली आणि पाणी आपसूक खाली आलं, तर ते शेवटच्या शेताचं. त्यात चोरी नाही. हा नियम कुणाचा?" मी विचारलं.

"माझाच," ती पुटपुटली आणि फावडं खांद्यावर टाकून घरी वळली.

पावणेबाराला शंभर टक्के झाले आणि अख्खं गाव तिच्या घरात घुसलं. एजे दारात आडवी. "नव्या सुनेला फुकट बघायची रीत नाही." मग काय, फोनपुढे ढीग लागला: साबण, लोकरीचे मोजे, जर्दाळू, तोक्तोसुनची कोंबडी. कोंबडी दोनदा पळाली.

पडद्यावर नवी सून, बेगायिम, चालत आली. सासरच्यांना करतात तसा तिने तीनदा वाकून नमस्कार केला, कॅमेऱ्याकडे, आमच्या दिशेने. एजे ताडकन उभी राहिली. "शंभर वर्षं जग गं," म्हणाली आणि कानातले चांदीचे डूल काढून ढिगावर ठेवले.

मग डोळे पुसत आमच्याकडे वळली. "आता सोडा रे दारं. बारा ते एक कुणाचा नंबर आहे?"