रेड्याची बंदूक

दुबईत अल मनखूलमधल्या शालिनीवहिनी जशी लग्नं जुळवतात, तसा खैरुद्दीन माणूस आणि बंदूक जुळवतो. वहिनींची दोन जोडपी सध्या कोर्टात आहेत. कोणती, ते इथे सांगत नाही, विचारलंत तर सांगेन. खैरुद्दीनचं अजून एकही नाही.

मूळ दापोलीकडचा हा माणूस राहतो अजमानला आणि शिकारीच्या सामानाच्या एका दुकानात नोकरी करतो. शेजारीच दुकानाची नेमबाजीची रेंज आहे. आफ्रिकेला निघालेली मंडळी तिथे हात साफ करतात आणि कॅम्पवर भाड्याने कोणती बंदूक मागवायची, ते त्याला विचारून ठरवतात. छोट्या हरणाला हलकी टू-फोर्टी-थ्री, कुडूसारख्या थोराड हरणाला थर्टी-ओ-सिक्स. गोळी मऊ टोकाची, आत जाऊन फुलणारी. रानरेड्याला मात्र थ्री-सेवन्टी-फाइव्ह किंवा त्याहून दांडगी, आणि हाड फोडून जाणारी घट्ट गोळी. हे सांगताना खैरुद्दीन जनावराकडे कमी आणि गिऱ्हाइकाच्या खांद्याकडे जास्त बघतो.

त्या शुक्रवारी आले संग्रामराव, म्हणजे शालिनीवहिनींचे यजमान. रास अल खोरला मसाल्याचं गोडाऊन, वय त्रेसष्ट, आवाज गोडाऊनएवढा. त्यांचे अरबी पार्टनर रेड्याच्या शिकारीला निघाले होते आणि यांना बरोबर बोलावलं होतं. ही बातमी बुर दुबईत माझ्याआधी पोचली, याचं मला अजून वाईट वाटतं.

"खैरुद्दीनभाई, सगळ्यात मोठी काढा. फोर-फिफ्टी-एट. आमच्या घराण्यात लहान बंदूक कोणी धरली नाही."

"धरून तर बघा, साहेब. यल्ला, चला."

पहिली गोळी निशाण्याच्या हातभर खाली. दुसरी त्याच्याही खाली.

"दुर्बीण वाकडी आहे हो तुमची."

खैरुद्दीनने स्वतः एक गोळी झाडली. मधोमध. "असेल थोडी," तो म्हणाला.

त्याला कळून चुकलं होतं. मोठ्या बंदुकीचा धक्का बसायच्या आधीच अंग त्याला भितं, डोळा मिटतो, हात खाली दबतो. भित्र्यालाच होतं असं नाही, कोणालाही होतं. पण जखमी रेडा पळून जात नाही. झाडीत दबा धरून बसतो. आधी वाटाड्या आत शिरतो, मग साहेब. खैरुद्दीनच्या सल्ल्याने गेलेला एक माणूस असाच परत आला नव्हता. त्याचं नाव तो घेत नाही, आणि या एका बाबतीत मीही खोदून विचारलेलं नाही.

तोंडाने सांगितलं असतं तर संग्रामरावांनी ऐकलं नसतं. खैरुद्दीनने रेंजवरच्या दोन पोरांना चहाला पाठवलं. दार लावून घेतलं.

"आता मी भरून देतो. तुम्ही फक्त झाडा."

त्याने काडतूस भरलं, पण त्यात दारू नव्हती. संग्रामरावांनी श्वास रोखला, घोडा दाबला. नुसतं टिक. आवाज नाही, धक्का नाही. तरीही नळी स्वतःहून झपकन खाली गेली. आपण दचकलो, हे लपवायला आता बंदुकीचा बारही नव्हता.

संग्रामरावांनी बंदूक हळूच टेबलावर ठेवली.

"कोणी बघितलं?"

"आपण दोघांनी."

"पार्टनर काय म्हणतील, खैरुद्दीन? वीस वर्षं ते मला वाघ समजतात." एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज खोलीतल्या खोलीत विरून गेला.

"म्हणा, दुकानातल्या माणसाने मोठी मागवू दिली नाही. माझं नाव घ्या."

"तुमची बदनामी होईल."

"इन्शाल्ला, पुरून उरेन."

कॅम्पला टू-फोर्टी-थ्री कळवली. रेड्यामागे पार्टनर गेले. संग्रामरावांनी एक हरीण पाडलं, एका गोळीत, स्वच्छ. त्या बंदुकीवर त्यांचा डोळा मिटत नव्हता.

परतल्यावर त्यांच्या घरी जेवण झालं. खैरुद्दीन समोर बसला असताना संग्रामराव सगळ्यांना सांगत होते, "आमचा हा हबीबी भित्रा हो. मोठी बंदूक मागवूच देईना. नाहीतर रेडाच आणला असता." लोक हसले. मीही हसलो, कारण तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं. संग्रामरावांनी मात्र खैरुद्दीनच्या नजरेला नजर दिली नाही. फक्त त्याच्या ताटात स्वतःच्या हाताने भात वाढला, तो नको म्हणाला तरी वाढत राहिले.

शालिनीवहिनींनी विचारलं, "खरंच घाबरलात का हो, भाई?"

"हो वहिनी," खैरुद्दीन भात कालवत म्हणाला. "खूप घाबरलो."