हात दिसतोय

फोटोवाल्या काकूंचे शेकडो फोटो आहेत आणि त्यांतल्या एकातही त्या दिसत नाहीत.

सदाशिव पेठेत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा आणि काकांचा फोटो स्टुडिओ आहे. तान्ह्या बाळाचा पासपोर्टचा फोटो काढणे ही मोठी कटकट असते. मागे पांढरे हवे, डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेले हवे आणि बाळाला धरणारे माणूस कुठेही दिसता कामा नये. ज्याची मान अजून सावरलेली नाही त्याला कुणी धरायचेच नाही, तर ते बसणार कसे? काकूंनी यावर त्यांच्यापुरता उपाय काढला आहे. त्या स्टुलावर बसतात, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर ओढून घेतात आणि बाळ त्यांच्या मांडीवर ठेवले जाते. चादरीच्या आतून त्यांचा पंजा बाळाची मान तोलून धरतो. कॅमेऱ्यामागून काका म्हणतात, "हात दिसतोय." चादरीखाली थोडी हालचाल होते आणि दिसणारे बोट नाहीसे होते.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिले तेही असेच, म्हणजे पाहिलेच नाही. आम्ही त्या इमारतीत नुकतेच राहायला आलो होतो. शाळेच्या ओळखपत्रासाठी फोटो हवा म्हणून आईने मला खाली पाठवले. आत स्टुलावर एक पांढरा ढीग होता आणि ढिगावर एक बाळ रडत होते. तेवढ्यात ढीग शिंकला. मी जिन्यात पळाले. थोड्या वेळाने ढिगातून निघालेली एक ठेंगणी बाई केस सारखे करत माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसली.

"नाव काय गं तुझं?"

मी गप्प.

"बरं. पावतीवर मौनीबाई लिहिते."

तेव्हापासून मी मौनीबाई. शाळा संपली, कॉलेज झाले, लग्न झाले, तरी जिन्यातून जाताना आतून हाक यायची, "काय मौनीबाई, आज किती शब्द बोललात?" घरात मराठी आणि बाहेर इंग्रजी अशी माझी वाढ. दोन्हीकडे मी कमीच बोलायचे. काकूंना माझ्या उत्तराची गरज नसायची, त्यामुळे त्यांच्याकडे बसायला मला बरे वाटायचे.

नवरा नोकरीसाठी जर्मनीला गेला तेव्हा मला सातवा महिना होता. बाळंतपणाला मी आईकडे आले. मुलगी झाली, रेवा. ती पाच महिन्यांची झाली की तिला घेऊन मी एकटीने जायचे, असे ठरले होते. पण ती दोन महिन्यांची असताना आई जिन्यात घसरली आणि तिचा पाय प्लॅस्टरमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी दाराची बेल वाजली. दार उघडले तर कुणी नाही, कडीला एक डबा अडकवलेला. आत गरम मुगाची खिचडी आणि कढी. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी खाली जाऊन म्हटले, "काकू, डबा तुम्ही ठेवलात ना?" त्या फोटो कापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला काय माहीत? आपला हात दिसता कामा नये, एवढंच मला धंद्यानं शिकवलंय."

मग रेवाचा फोटो. पहिल्या दिवशी ती झोपली. दुसऱ्या दिवशी तिने जीभ बाहेर काढली ती आत घेईना. तिसऱ्या दिवशी चांगला निघालेला फोटो मी पासपोर्टच्या ऑफिसात घेऊन गेले, तर तिथल्या बाईंनी नखाने दाखवले, "खांद्याजवळ हात दिसतोय." मी रिक्षात रडले. काकू मात्र खूश झाल्या. "दिसला? इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा फोटो आला म्हणायचा," असे म्हणून त्यांनी पुन्हा चादर घेतली. या वेळी चादरीतून जिभेने टाळू वाजवल्याचा टॉक टॉक आवाज आला, रेवाने डोळे मोठे केले आणि काकांनी फोटो काढला. तो पास झाला. नीट पाहिले तर त्यात रेवाच्या हनुवटीखाली चादरीची एक लहानशी घडी दिसते. त्या घडीमागे बोट आहे, हे फक्त आम्हाला माहीत आहे.

प्रवासाच्या तयारीची माझी यादी फोनमध्ये होती, इंग्रजीत, कुठून कुठून वाचून केलेली. काकूंनी ती मला वाचून दाखवायला लावली. डायपर तासाला एक या हिशेबाने, पुसायचे ओले कागद, बाळाचे चार जोड.

"आणि तुझे?"

"माझे कपडे मोठ्या बॅगेत आहेत."

"ती बॅग विमानाच्या पोटात. बाळ ओकणार कुणावर? पायलटवर?"

मी यादीत माझा एक कुडता लिहिला. मग मी म्हटले, उतरताना बाळाच्या कानात प्रेशर येते असे वाचले आहे. "दडे बसतात म्हण," त्या म्हणाल्या. "त्याला औषध एकच. विमान चढताना पाजायचं आणि उतरताना पाजायचं. गिळत राहिलं की दडे सुटतात." हेही मी वाचले होते. यादीत ते लिहिलेले नव्हते, कारण मला त्याचीच भीती वाटत होती. मी आईसमोरसुद्धा पाठ फिरवून पाजायचे.

काकू कधी विमानात बसल्या नव्हत्या. म्हणून त्यांनी स्टुडिओतच विमान केले. एका दुपारी तीन प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडल्या. खिडकीच्या जागी काका, मध्ये मी रेवाला घेऊन आणि या बाजूला त्या स्वतः. माझी ओढणी पट्टा म्हणून कमरेला बांधली. दोन तास उठायचे नाही, अशी अट. त्या मुद्दाम कोपराने मला ढोसत होत्या. "शेजारी असाच मिळणार. सवय कर." मध्येच काका उठून ट्रे घेऊन आले आणि गंभीरपणे म्हणाले, "चहा की कॉफी? कॉफी नाहीये." इतक्यात पॅन कार्डाच्या फोटोसाठी एक गृहस्थ आले. त्यांना काकांच्या जागेवर बसवण्यात आले. "बसा हो, विमान उतरलं की काढतो," काका म्हणाले. ते गृहस्थ पुण्याचेच असावेत, कारण त्यांनी फक्त विचारले, "लेट आहे का?"

मी इतकी हसले की रेवा घाबरून रडायला लागली. तिला भूक लागली होती. मी पट्टा सोडून उठले.

"कुठे चाललीस?"

"काकू, पाजायचंय."

"मग पाज की."

काका लगेच म्हणाले, "मी जरा चहा सांगून येतो." ते गृहस्थही त्यांच्यामागे निघाले.

काकू दाराकडे बघत राहिल्या. "हे दोघे उतरून गेले. खऱ्या विमानात असं कोण उतरणार आहे तुझ्यासाठी?"

त्यांनी स्टुलावरची पांढरी चादर उचलली आणि मला बसवून माझ्या डोक्यावरून टाकली. आत दुधी उजेड होता. कापडाला साबणाचा आणि खोबरेल तेलाचा वास येत होता. बाहेरच्या आवाजांवर जाड पडदा पडल्यासारखे झाले. रेवा पटकन प्यायला लागली. मला कुणी दिसत नव्हते, म्हणून की काय, मी कुणाला दिसत नाही असे मला मनापासून वाटले. बाहेरून काकूंचा आवाज आला, "चादरीखाली माणूस नसतंच, मौनीबाई. एवढी वर्षं मी तेच तर करतेय. हिच्यातलंच कापड काढून, गळ्यात अडकवायला पट्टी लावून तुला एक शिवून देते. निघायच्या आधी."

त्या महिन्यात मी इतकी निर्धास्त कधीच झाले नव्हते.

शेवटचे तीन दिवस सासरी, बाणेरला राहायचे ठरले होते. मी रविवारी निघाले. स्टुडिओ बंद होता. फोन करून मी म्हटले, "काकू, चादरीचं राहू द्या आता. मी काहीतरी बघते." त्या म्हणाल्या, "पट्टीच लावायची राहिलीय. बघू."

निघायच्या दिवशी सासू-सासरे मला विमानतळावर सोडायला आले. गाडीत सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "तुझी आई अशी पडलेली, आणि तू एकटीनं किती छान तयारी केलीस! आम्हाला सुचलंही नसतं. जास्तीचा कुडतासुद्धा हातातल्या बॅगेत घेतलायस." त्या मनापासून बोलत होत्या. मी म्हटले, "थँक्यू." तेव्हा एक वाक्य बोलायला हवे होते. खाली आमच्या फोटोवाल्या काकू आहेत, इतके पुरले असते. पण मी गप्प बसणारी म्हणूनच सगळ्यांना माहीत होते, आणि त्या दिवशी गप्प बसणे माझ्या सोयीचे होते.

आत जायच्या दाराशी रांग होती. सासरे ट्रॉली धरून पुढे होते. रेवा माझ्या छातीशी बांधलेली होती, तिकीट आणि पासपोर्ट हातात होते. तेव्हा गाड्या थांबतात त्या पट्ट्याच्या पलीकडे मला काकू दिसल्या. घरातल्याच साडीत, पायात चालायचे कापडी बूट, घामाने कपाळाला चिकटलेले केस. काखेत कापडी पिशवी होती आणि पिशवीतून पांढरे कापड डोकावत होते. विश्रांतवाडीला बस बदलून आल्या होत्या, हे मला नंतर कळले. त्यांनी मला पाहिले आणि हात वर केला. गाड्या थांबेनात म्हणून पलीकडूनच जोरजोराने हलवला.

सासूबाई म्हणाल्या, "त्या बाई तुला हात करतायत का गं?"

पुढचे सगळे मला एका क्षणात दिसले. त्या धापा टाकत येणार, रांगेतल्या सगळ्यांसमोर आणि सासऱ्यांसमोर ते कापड उलगडून दाखवणार आणि मोठ्याने सांगणार, पाजताना हे असं घाल. आणि मग सासूबाईंना कळणार, तयारी कुणी केली होती ते.

मी सरळ काकूंकडे पाहिले. मग म्हटले, "नाही. दुसऱ्या कुणाला तरी असेल."

दाराशी जवानाने पासपोर्ट उघडला. फोटोकडे पाहिले, रेवाकडे पाहिले. मी त्या हनुवटीखालच्या घडीकडे पाहत होते. त्याने पासपोर्ट परत दिला, मी सासू-सासऱ्यांना वाकून नमस्कार केला आणि आत गेले. मागे वळून पाहिले नाही.

विमान चढताना रेवा झोपेत होती, म्हणून निभावले. विमान बदलायला दिल्लीला उतरताना ती किंचाळून उठली. डोके मागे टाकून, कान चोळत ती रडू लागली. मी ओढणी अंगावर घेतली, तिने मुठीने ती ओढून काढली. पुन्हा घेतली, पुन्हा काढली. दोन्हीकडे माणसे होती. चोखणी दिली, ती तिने थुंकून टाकली. शेजारचे वयस्कर गृहस्थ हिंदीत हळूच म्हणाले, "कान दुखत असतील तिचे." आणि त्यांनी स्वतःहून तोंड पलीकडे वळवले. तरीही माझा हात गळ्याशी गेला तो तिथेच राहिला. चाके जमिनीला लागेपर्यंत माझी मुलगी रडत होती. तिच्या कानातले दडे सोडवणे माझ्या हातात होते. ज्या कापडाखाली मी ते करू शकले असते, ते मी रस्त्यापलीकडे ठेवून आले होते.

जर्मनीला पोचल्यावर चार-पाच दिवसांनी आईचा व्हिडिओ कॉल आला. ती कॉटवर टेकून बसली होती. रेवाला पाहून झाल्यावर म्हणाली, "काकू आल्यात बघ वर. बोल त्यांच्याशी. अहो, या ना इकडे, फोनसमोर."

"नको, इथूनच बोलते," काकूंचा आवाज आला. त्या दिसत नव्हत्या. "काय मौनीबाई, कान दुखले का बाळाचे?"

"नाही काकू," मी म्हटले. "झोपली होती."

"छान. ते कापड तुझ्या आईकडे ठेवलंय. आता काय उपयोग, पण शिवलंय." मग म्हणाल्या, "मी आले होते गं तिकडे. हात केला होता. तुला दिसला नाही का?"

आई माझ्याकडे पाहत होती. मी फोन जरा लांब धरला.

"नाही हो काकू. नाही दिसला."

त्या म्हणाल्या, नेहमीच्याच कोरड्या आवाजात, "बरोबर आहे. आपला हात दिसता कामाच नये."

स्क्रीनच्या कडेने एक हात आत आला, आईच्या पुढ्यात चहाचा कप ठेवला आणि बाहेर गेला. मनगटावर दोन हिरव्या बांगड्या होत्या, अंगठ्याला कात्रीचा घट्टा होता. हा मात्र मी नीट पाहिला.

"काकू," मी हाक मारली. "काकू, ऐका ना—"

आईने दाराकडे पाहिले. "अगं, त्या गेल्या खाली. काकांनी हाक मारली. कुणीतरी बाळाला घेऊन आलंय म्हणे, पासपोर्टच्या फोटोला."